शिपाई घडवणाऱ्यांची परीक्षा कोण घेणार?

महाराष्ट्रात पोलिसांच्या बदल्यांसाठी आस्थापना मंडळं आहेत. पोलिसाविरुद्धची तक्रार ऐकायला प्राधिकरण आहे. पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही कॅमेरे चालू आहेत का, हे पाहायला राज्याची एक आणि जिल्ह्याची एक अशा दोन समित्या असाव्यात, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. पण तो पोलीस ज्या केंद्रात घडतो तिथे त्याला काय शिकवलं, कुणी शिकवलं आणि त्यातलं किती त्याच्या अंगी उतरलं, हे खात्याबाहेरून तपासणारं, केवळ त्याच कामासाठी कायद्याने नेमलेलं मंडळ आपल्याकडे नाही. ही उणीव नेमकी कशी राहिली आणि ती भरायची तर कशी, हे पाहायला खानदेशाइतका चांगला मुलूख नाही. पोलीस घडवण्याचे प्रयोग इथे जुने आहेत, आणि त्यांची किंमतही इथल्या लोकांनी मोजली आहे.

धरणगावचा तळ

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारकडे आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज धुळ्यातून कारभार पाहू लागला. डोंगरातल्या भिल्लांवर मोहिमांमागून मोहिमा निघाल्या, पण बंडं काही थांबेनात. मग माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना धोरण फिरलं. १८२५ मध्ये जेम्स औट्रम या तरुण लेफ्टनंटने भिल्लांचीच पलटण उभी केली. तिचा तळ आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावला होता. ज्यांच्या मागावर कालपर्यंत फौज धाडावी लागत होती, त्यांनाच पगार, गणवेश आणि कवायत देऊन मुलखाच्या बंदोबस्ताला लावण्यात आलं.

प्रयोग यशस्वी ठरला, पण त्याची मर्यादाही खानदेशानेच दाखवली. सेंधव्याच्या घाटरस्त्याची राखण करणारा खाज्या नाईक कंपनीच्याच नोकरीत होता. १८५७ मध्ये तोच बंडाच्या अग्रभागी उभा राहिला आणि १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. कवायतीने माणूस हुकूम झेलायला शिकतो. तो कुणाशी बांधील राहील, हे कवायत ठरवत नाही. साहेबाच्या राज्यात बांधिलकी सरकारशी असली की पुरे होतं. लोकशाहीत ती कायद्याशी आणि लोकांशी असावी लागते, म्हणून शिकवणुकीचा हिशेबही लोकांपुढे यावा लागतो.

फ्रेझर ते गोरे

अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने खात्याची झाडाझडती घेतली. प्रशिक्षण सदोष, देखरेख अपुरी आणि लोकांच्या नजरेत खातं भ्रष्ट व जुलमी, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्याला पोलीस ट्रेनिंग स्कूल निघालं आणि १९०९ मध्ये ते नाशिकला गेलं. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. त्याच १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे म्हणून ओळखले जाऊ लागले.

स्वातंत्र्यानंतर या विषयाकडे पहिल्यांदा गंभीरपणे पाहिलं ते एका मराठी समाजशास्त्रज्ञाने. टाटा समाजविज्ञान संस्थेचे संचालक प्रा. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखाली केंद्राने १९७१ मध्ये पोलीस प्रशिक्षण समिती नेमली. तिचा अहवाल १९७३ चा. पोलिसाला समाज समजला पाहिजे, त्याची वृत्ती घडली पाहिजे आणि शिकवण्याच्या जागी चांगले अधिकारी आले पाहिजेत, असा या समितीचा आग्रह होता. दिल्लीच्या पोलीस संशोधन व विकास ब्युरोत प्रशिक्षणाचं संचालनालय आलं ते याच समितीमुळे. मात्र पोलीस हा राज्यसूचीतला विषय. ब्युरो नमुना अभ्यासक्रम बनवून देतो. तो राबवायचा की नाही, हे राज्याच्या हाती राहतं.

महाराष्ट्रात नाशिकची अकादमी अधिकाऱ्यांसाठी आणि धुळे, जालना, अकोला, सोलापूर, लातूर अशा ठिकाणची प्रशिक्षण केंद्रं शिपायांसाठी, अशी विभागणी आहे. या सगळ्यांच्या वर ‘प्रशिक्षण व खास पथके’ सांभाळणारा वरिष्ठ अधिकारी असतो. केंद्राचा प्राचार्य पोलीस अधिकारी, मैदानावरचे कवायत निर्देशक खात्यातलेच. दिवसाची विभागणी आंतरवर्ग आणि बाह्यवर्ग अशी. आंतरवर्गात कायदा, तपास, गुन्हेशास्त्र. बाह्यवर्गात कवायत, शस्त्र, जमाव पांगवणं. अखेरीस दीक्षांत संचलन होतं आणि नवप्रविष्ट शिपाई आपापल्या जिल्ह्यात हजर होतात. त्यांना शिकवणारे, त्यांची परीक्षा घेणारे, निकाल लावणारे आणि त्याच निकालावर त्यांना नोकरीत घेणारे, सगळे एकाच खात्याचे. जळगावच्या बाजारात कापूस विकणाऱ्यानेच काटा धरला आणि पावतीही त्यानेच फाडली, तर कुणी ऐकून घेईल का?

शिवाय प्रशिक्षण केंद्रातली नेमणूक खात्यात ‘साइड पोस्टिंग’ मानली जाते. तपासात नाव कमावलेल्या फौजदाराला वर्गात उभं राहण्याची ओढ वाटावी, अशी व्यवस्थाच नाही. गोरे समितीने दाखवलेलं हे दुखणं पन्नास वर्षांनंतरही तसंच आहे.

सात निर्देश

२२ सप्टेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह प्रकरणात सात निर्देश दिले. राज्य सुरक्षा आयोग, पोलीस महासंचालकांची निवड व मुदत, क्षेत्रीय अधिकाऱ्यांची मुदत, तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची फारकत, आस्थापना मंडळ, तक्रार प्राधिकरण आणि केंद्रासाठी राष्ट्रीय सुरक्षा आयोग. पोलीस सुधारणेवरची आपल्याकडची बहुतेक चर्चा या सात मुद्द्यांभोवती फिरते. प्रशिक्षणावर स्वतंत्र निर्देश त्यात नाही.

महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून आयोग, मंडळं आणि प्राधिकरणं कायद्यात आणली. तक्रार प्राधिकरण राज्यपातळीवर आहे आणि महसुली विभागाच्या पातळीवरही. जळगाव आणि धुळे नाशिक विभागात येतात. या चौकटीतून शिकण्यासारखं बरंच आहे आणि सावध होण्यासारखंही. राज्य सुरक्षा आयोगाचे अध्यक्ष खुद्द गृहमंत्री आणि शिफारशी सल्ल्यापुरत्या. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्यालाच अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं, तर देखरेख कागदावर राहते. प्रशिक्षणाचं मंडळ याच साच्यात काढलं, तर एका नामफलकाची भर पडेल, एवढंच.

धुळे आणि राईनपाडा

६ जानेवारी २०१३. धुळ्यात हॉटेलच्या बिलावरून भांडण झालं आणि त्याची दंगल झाली. पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. पोलीसच तोडफोड करत असल्याची चित्रफीत बाहेर आली आणि काही पोलिसांना अटक झाली. चौकशी आयोगही नेमला गेला.

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा मोबाइलवरून आधीच पसरलेली होती. भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पुढे १७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींच्या प्रकरणात दिलेल्या निकालात प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमायला सांगितलं.

दोन्ही घटना अपुऱ्या प्रशिक्षणामुळेच घडल्या, असं म्हणणं धाडसाचं होईल. मनुष्यबळ, राजकारण, अफवेचा वेग, अशी कारणं बरीच आहेत. पण प्रशिक्षणासाठी दोन्हीतून प्रश्न निघतात. जमावावर गोळी झाडण्याआधीच्या पायऱ्या शिपाई मैदानावर किती वेळा गिरवतो? हाताशी मोजकी माणसं असताना चवताळलेल्या बाजारातून कुणाला जिवंत बाहेर कसं काढायचं, याचा सराव होतो का? भटक्या समाजांची ओळख वर्गात कोणत्या तोंडाने करून दिली जाते? साक्री, शिरपूर, चोपडा, यावल या पट्ट्यात जाणाऱ्या शिपायाला अहिराणी किंवा भिलोरी ऐकून कळते का? चौकशी झाली, खटले झाले. पण हे प्रश्न दरसाल प्रशिक्षण केंद्राला विचारणं हे ज्याचं नेमून दिलेलं काम आहे, असं कुणी नव्हतं. आजही नाही.

मंडळ उभं करायचं तर

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९५९ मध्ये पोलिसांच्या पात्रतेची आणि प्रशिक्षणाची मानकं ठरवणारा आयोग नेमला. त्यात शेरीफ आणि पोलीसप्रमुख आहेत, खालच्या हुद्द्याचे कर्मचारी आहेत, शिक्षणक्षेत्रातली माणसं आहेत, सामान्य नागरिकही आहेत. मानकं पाळणाऱ्या दलांना राज्याचं अर्थसाहाय्य, अशी सुरुवातीची रचना होती आणि पैसा मुख्यतः गुन्हेगारांच्या दंडावरील अधिभारातून येई. गंभीर गैरवर्तन करणाऱ्याचं पोलीस म्हणून काम करण्याचं प्रमाणपत्रच काढून घेण्याचा अधिकार मात्र आयोगाला २०२१ च्या कायद्याने मिळाला; म्हणजे दात यायला साठ वर्षं गेली. प्रशिक्षणाची मानकं ठरवणारी अशी मंडळं आता तिथल्या पन्नासही राज्यांत आहेत.

आपल्याला ती उचलून आणायची गरज नाही. राज्यसूचीतला विषय असल्याने विधिमंडळाची एक दुरुस्ती पुरेशी आहे. मंडळाचा अध्यक्ष गृहखात्याबाहेरचा असावा. विरोधी पक्षनेता, प्रशिक्षणाचे प्रमुख आणि एका केंद्राचा प्राचार्य यांच्याबरोबर एखादा हवालदारही सदस्य हवा. रस्त्यावर काय कमी पडतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कायदा, मानसशास्त्र आणि न्यायवैद्यक शास्त्राचे अध्यापक हवेत. आदिवासी आणि भटक्या समाजातली माणसं हवीत. अभ्यासक्रमाला मान्यता, केंद्रांची तपासणी आणि अंतिम परीक्षेला बाहेरचा परीक्षक, हे तीन अधिकार सल्ल्याचे नसावेत, बंधनकारक असावेत. अंदाजपत्रकात मंडळाच्या नावाची वेगळी तरतूद हवी.

जिल्ह्यासाठी नवं काही शोधायलाही नको. सीसीटीव्हीच्या देखरेखीसाठी २ डिसेंबर २०२० च्या निकालाने जिल्हा समितीची रचना सांगितली आहे: विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचा प्रमुख. कॅमेऱ्यासाठी लोकप्रतिनिधी चालतो, तर कॅमेऱ्यासमोरचा माणूस घडवताना का नको?

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्याने याची निकड वाढली आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद आहे. जुन्या शिपायांना उजळणी वर्गात हे शिकवलं गेलं की नुसती हजेरी लागली, हे आज खातंच खात्याला विचारतं. चुकलेलं चित्रीकरण मात्र न्यायालयात उघडं पडतं आणि त्याचा भुर्दंड फिर्यादीला बसतो.

मंडळाचं यश मोजायला मोठे निकष लागणार नाहीत. तक्रार प्राधिकरणाचे निर्णय, चौकशी आयोगांचे अहवाल आणि न्यायालयांचे ताशेरे दरवर्षी त्याच्यापुढे यावेत. त्यातल्या कोणत्या प्रसंगामुळे कोणता धडा बदलला, कोणता नवा आला आणि कोणता का बदलला नाही, याचा अहवाल त्याने विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा. मग साक्रीच्या किंवा चोपड्याच्या आमदाराला सभागृहात उभं राहून विचारता येईल, की राईनपाड्यानंतर धुळ्याच्या केंद्रात काय बदललं? आणि उत्तर देणं कुणावर तरी बंधनकारक असेल.