विश्लेषण : स्टीपलचेसमध्ये अविनाश साबळेची खरी लढत कशाशी?

जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये अविनाश साबळे पाण्याच्या उडीजवळ पडला. गुडघ्याच्या अस्थिबंधाला दुखापत झाली, शस्त्रक्रिया करावी लागली आणि टोक्योतील जागतिक स्पर्धा हुकली. या शर्यतीत एवढा धोका का, आणि तो पत्करून अविनाशने काय मिळवले?

शर्यत नेमकी कशी?

अंतर ३,००० मीटर. वाटेत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याची उडी. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर असते. नेहमीच्या अडथळा शर्यतीत धक्का लागला की अडथळा आडवा होतो. इथला जाडजूड अडथळा हलत नाही, पडतो तो धावपटूच. शिवाय स्वतंत्र मार्गिका नसते. घोळक्यात पुढच्याच्या पाठीमागून अडथळा अचानक समोर येतो.

मांडव्यापासून पॅरिसपर्यंत

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातले मांडवा हे अविनाशचे गाव. आईवडील वीटभट्टीवर मजूर. लष्करात महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर सियाचीनलाही तैनाती झाली. धावणे गांभीर्याने सुरू झाले ते त्यानंतर; आधी क्रॉसकंट्री, मग स्टीपलचेस. २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंद वेळ देऊन त्याने गोपाळ सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे तो स्वतःचेच विक्रम मोडत राहिला.

बर्मिंगहॅमचे रौप्य मात्र वेगळे. १९९८ ते २०१८ दरम्यानच्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाने नेली होती. २०२२ मध्ये अविनाशने ती साखळी तोडली. वेळ ८:११.२०, अब्राहम किबिवोटकडून सुवर्ण हुकले ते ०.०५ सेकंदाने! पुढच्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आले.

ऑलिम्पिकमध्ये कुठे अडले?

टोक्योत राष्ट्रीय विक्रम करूनही तो प्राथमिक फेरीतच बाद झाला. पॅरिसमध्ये ७ जुलै २०२४ रोजी डायमंड लीगमध्ये ८:०९.९१ अशी कारकीर्दीतील सर्वोत्तम वेळ दिली. बरोबर महिन्याने, त्याच शहरातील ऑलिम्पिक अंतिम फेरीत ८:१४.१८ वेळेसह तो अकरावा आला. अंतिम फेरी गाठणारा तो या शर्यतीतला पहिला भारतीय पुरुष; अकराव्या क्रमांकाला नुसते अपयश म्हणणे अन्यायाचे. कांस्यपदक ८:०६.४७ ला गेले, तेही किबिवोटकडेच. म्हणजे अविनाशची सर्वोत्तम वेळ पदकापासून साडेतीन सेकंद दूर.

आता आव्हान काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये अविनाशने एकतिशी पूर्ण केली. सपाट ट्रॅकवरचा वेग सरावाने परत मिळवता येतो. पाण्यात उतरताना शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यावर पूर्वीसारखा भरवसा टाकता येईल का, हे एका शर्यतीत ७ वेळा तपासले जाईल.