घरबसल्या मोटारींची शर्यत : खेळ कोणता आणि जुगार कोणता



गेल्या वर्षभरात मंडळाच्या बैठकीनंतर निदान चार-पाच बंधूंनी आमच्यापाशी एकच चिंता बोलून दाखविली. घरातील मुलगा किंवा नातू रात्री खोलीचे दार लोटून घेतो, टेबलाला मोटारीचे स्टीअरिंग जखडून बसतो, कानाला हेडफोन लावून परदेशातील अनोळखी माणसांशी बोलतो, आणि अधूनमधून काही रक्कम परदेशी खात्यावर जाते. हा जुगार तर नव्हे ना, असा प्रत्येकाचा प्रश्न.

हाच प्रश्न आमच्याही घरी उद्भवला होता, आणि त्याचे उत्तर आम्ही न विचारताच ठरवून टाकले होते. नातवाच्या खात्यातून 'एन्ट्री फी' या नावाने रक्कम गेलेली पाहून आम्ही त्याला चार माणसांदेखत बोललो. सप्त व्यसनांत द्यूताचे नाव पहिले, हे त्याला लहानपणी आम्हीच शिकविले होते. ते त्या दिवशी पुन्हा ऐकविले. मुलगा उलट बोलला नाही. एवढेच म्हणाला, "आजोबा, एकदा शेजारी बसून पाहा, मग काय ते ठरवा." मालाचा नमुना न पाहता भाव सांगणाऱ्याला आपण व्यापारी म्हणत नाही, तेव्हा आम्हांला बसणे भाग पडले. त्या तीन-चार रात्रींत आणि पुढे चौकशी करून जे समजले, ते सभासदांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहो.

खेळाचे स्वरूप

या प्रकाराला 'सिम रेसिंग' असे म्हणतात. मोटारीचे वजन, टायरची पकड, तापमान, इंधनाचा भार, ब्रेक दाबल्यावर पुढच्या चाकांवर येणारा जोर या सर्वांचे गणित संगणक क्षणोक्षणी मांडतो, आणि त्याचा परिणाम खेळाडूच्या हातातील चक्रापर्यंत पोहोचवितो. चक्रामागे एक विजेची मोटर असते. टायर घसरू लागला की हातातील ताण सैल होतो, कडेच्या उंचवट्यावरून चाक गेले की हात थरथरतात. खेळाडूने जे ओळखायचे ते डोळ्यांनी आणि हातांनी.

या क्षेत्रातील एक प्रमुख संस्था म्हणजे अमेरिकेतील आयरेसिंग. तिची स्थापना २००४ साली डेव्ह केमर आणि जॉन हेन्री या दोघांनी मॅसॅच्युसेट्स राज्यात केली, आणि २००८ साली ती सर्वांसाठी खुली झाली. केमर हे अशा खेळांचे जुने रचनाकार. १९८७ साली स्थापन झालेल्या पॅपायरस या कंपनीचे ते एक संस्थापक. दुसरे संस्थापक हेन्री यांची हकीकत आम्हां धान्यवाल्यांना विशेष वाटेल. ते सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकरी कुटुंबातले. मका आणि सोयाबीन यांच्या वायद्यापासून त्यांनी आरंभ केला आणि पुढे त्याच व्यवहारातून मोठी संपत्ती मिळविली. खऱ्या शर्यतमार्गांची लेसर किरणांनी मोजणी करून त्यातील खाचखळगे आणि उतार जसेच्या तसे संगणकात उतरविणे, हे या संस्थेचे वैशिष्ट्य होय.

तेथे प्रवेशासाठी वर्गणी भरावी लागते, आणि त्याखेरीज बहुतेक मोटारी व मार्ग निराळे विकत घ्यावे लागतात. म्हणजे आमच्या नातवाची जी रक्कम जात होती ती पैजेची नसून बव्हंशी वर्गणीची आणि खरेदीची होती. उरलेली प्रवेशफी एका लीगची होती. तिच्याकडे पुढे येतो.

पत मोजणारे दोन आकडे

तेथे प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे दोन आकडे असतात. पहिला 'आय-रेटिंग', म्हणजे कौशल्याचा. नवख्याचा हा आकडा १३५० पासून सुरू होतो. आपल्याहून वरच्या आकड्याच्या लोकांस मागे टाकले की तो चांगला वाढतो, खालच्यांकडून हरलो की चांगलाच उतरतो. शर्यतीस नावे पुष्कळ आली तर याच आकड्यावरून गट पाडतात, म्हणजे तोलामोलाच्या माणसांशी गाठ पडते.

दुसरा आकडा 'सेफ्टी रेटिंग', म्हणजे सुरक्षिततेचा. मार्ग सोडून बाहेर गेल्यास १ दोषगुण, मोटारीवरचा ताबा सुटल्यास २, दुसऱ्या मोटारीस जोराची धडक बसल्यास ४. दोषाविना किती वळणे पार पडली या सरासरीवर हा आकडा ठरतो आणि त्यावरच परवाना अवलंबून असतो. आरंभी 'रूकी' हा नवख्याचा परवाना, नंतर डी, सी, बी आणि ए अशा पायऱ्या आहेत. कितीही वेगवान असला तरी सुरक्षिततेचा आकडा नसेल तर खेळाडूला वरच्या वर्गाचे दार उघडत नाही.

येथे एक गोष्ट प्रथम आम्हांला अन्यायाची वाटली. धडक झाली की दोष कोणाचा हे यंत्र पाहत नाही. दोघांच्याही नावे दोषगुण लिहिले जातात. आम्ही विचारले, "ज्याला मागून ठोकले त्याचा काय गुन्हा?" नातू म्हणाला, "आजोबा, समोरचा आडदांड आहे हे दिसत असताना त्याच्या शेजारी मोटार घातली, ही चूक माझीच की." पेठेत चाळीस वर्षे काढलेल्या माणसास हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. बुडीत गिऱ्हाईकाला उधार देणारा सज्जन असला तरी नुकसान त्याच्याच वहीत लिहिले जाते. पहिला आकडा उलाढाल सांगतो, दुसरा पत सांगतो; आणि दुकान शेवटी पतीवर चालते, उलाढालीवर नव्हे.

लीग म्हणजे काय

वर सांगितलेल्या शर्यती दिवसभर कोणासही खुल्या असतात. लीग ही त्याहून निराळी. पंचवीस-तीस ओळखीची माणसे एकत्र येतात, एक मोटार ठरवितात, आठ-दहा मार्ग निवडतात, आठवड्यातील एक वार आणि वेळ पक्की करतात, आणि पूर्ण हंगाम त्याच मंडळींत खेळतात. आधी सराव, मग क्रम ठरविण्यासाठी वेळेची फेरी, नंतर मुख्य शर्यत. गुण देण्याच्या पद्धती अनेक आहेत. पुष्कळ ठिकाणी फॉर्म्युला वन शर्यतींत २०१० पासून पहिल्या दहांस जे गुण मिळतात, तेच प्रमाण घेतात : २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २ आणि १. यावरून ध्यानात येईल की एखाद्या दिवशी पहिला येऊन दोनदा मोटार मोडून घेणाऱ्यापेक्षा प्रत्येक वेळी चौथा-पाचवा येणारा हंगामाअखेर वर राहतो. एका दिवसाच्या तेजीवर वर्षाचा ताळेबंद सुधारत नाही, तसाच हा प्रकार आहे.

लीगमध्ये पंच असतात. तक्रार करणाऱ्याने कितवी फेरी, कोणते वळण हे लिहून द्यावयाचे असते. यंत्रात शर्यतीची साद्यंत नोंद राहते, ती पाहून पंच निकाल देतात. पुष्कळ ठिकाणी शर्यत संपताच तक्रार घेत नाहीत. राग शांत होण्यास काही काळ जाऊ देतात.

आमच्या नातवाच्या हंगामातील शेवटून दुसरी शर्यत आम्ही पाहिली. चौथ्या क्रमांकावरून निघालेल्या त्याच्या मोटारीस पहिल्याच वळणावर एकाने बाहेर ढकलले, आणि तो अखेरच्या क्रमांकावर गेला. रात्रभर त्याला झोप नव्हती. "पुढच्या शर्यतीत मीही त्याला सोडणार नाही," असे तो म्हणाला. सूड घेणाऱ्यास मूळ अपराध्याहून अधिक शिक्षा, असा त्या लीगचा नियम होता. परंतु नियमाच्या भयाने मन शांत होत नसते. आम्ही त्याला एवढेच विचारले, "क्षमावणीच्या दिवशी आपण कोणाकोणाची क्षमा मागतो? ज्यांनी आपले काही बिघडविले नाही, त्यांचीच ना? मग अवघड क्षमा कोणती?" तो काही बोलला नाही. रीतसर तक्रार मात्र दिली. तीन दिवसांनी निकाल आला : ढकलणाऱ्यास पुढील शर्यतीत दंड, आणि आमच्या चिरंजीवांस ताकीद. कारण मार्गावर परत येताना मागे न पाहता त्यांनी मोटार आत घातली होती आणि तिसऱ्याच एकाला ब्रेक दाबावा लागला होता. हे त्याच्या गावीही नव्हते. त्याने त्या गृहस्थास पत्र लिहून क्षमा मागितली. उत्तरही सौजन्याचे आले.

अंतराचा हिशेब

सभासद विचारतील, निरनिराळ्या देशांतली माणसे एकाच क्षणी एका मार्गावर कशी धावतात? प्रत्येकाचा संगणक आपल्या मोटारीचा ठावठिकाणा मध्यवर्ती सर्व्हरला कळवितो, आणि सर्व्हर तो इतरांस कळवितो. या निरोपाला वेळ लागतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर हजार किलोमीटरला ५ सहस्रांश सेकंद, आणि वाटेतील यंत्रांचा विलंब निराळा. ताशी २५० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाच्या दहाव्या भागात जवळजवळ ७ मीटर पुढे सरकते. तेवढ्या वेळात दुसरी मोटार कोठे असेल याचा संगणक अंदाज बांधतो. म्हणून दूरदेशीच्या खेळाडूच्या शेजारून जाताना शहाणा माणूस हातभर जागा अधिक सोडतो.

जोड तुटली तर मात्र उपाय नसतो. जानेवारी २०२३ मध्ये ल मान्स येथील चोवीस तासांच्या शर्यतीची संगणकावरील आवृत्ती चालू असताना फॉर्म्युला वनचे जगज्जेते मॅक्स वेर्स्टापेन यांचा संघ आघाडीवर होता. जोड तुटली आणि सर्व मेहनत वाया गेली.

परक्याच्या नावाने खेळ

२०२० साली महामारीमुळे खऱ्या शर्यती थांबल्या, तेव्हा नामांकित चालकही याच खेळाकडे वळले. त्या वर्षीच्या मे महिन्यात फॉर्म्युला ई या विजेच्या मोटारींच्या स्पर्धेचे चालक डॅनियल आप्ट यांनी अशा एका शर्यतीत आपल्या जागी एका व्यावसायिक सिम खेळाडूस बसविले. नाव आप्ट यांचे, हात दुसऱ्याचे, आणि क्रमांक आला तिसरा. सहस्पर्ध्यांस संशय आला, चौकशी झाली आणि सत्य बाहेर पडले. १०,००० युरो धर्मादाय कार्यास देण्याचा दंड झाला. एवढेच नव्हे तर आउडी संघातील त्यांची खरी जागाही गेली. आपण गंमत म्हणून हे केले, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु दुसऱ्याचा माल आपल्या छापाच्या पोत्यात भरून विकणाऱ्याने गंमत म्हटली, तर पेठ ते मान्य करील काय?

याउलट उदाहरणेही आहेत. ब्रिटनचा यान मार्डनबरो २०११ साली संगणकावरील स्पर्धा जिंकून खऱ्या मोटारीत बसला, आणि २०१३ साली ल मान्स येथे आपल्या वर्गात तिसऱ्या आलेल्या संघाचा चालक होता. अमेरिकेचा विल्यम बायरन मुलगा असताना आयरेसिंगवर शिकला. त्याने डेटोना ५०० ही प्रख्यात शर्यत २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली. तथापि अशी माणसे लाखांत एखादी. या आशेवर कोणी शिक्षण अथवा दुकान सोडू नये.

खेळ की जुगार

आता मूळ प्रश्न. २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांविषयी स्वतंत्र कायदा केला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात ई-स्पोर्ट, सामाजिक खेळ आणि पैशांचे खेळ असे तीन भेद आहेत. पैसे लावून त्या बदल्यात पैसे जिंकण्याची आशा ठेवावयाची, तो पैशांचा खेळ. तो चालविण्यास कायद्याने बंदी आहे, मग त्यात कौशल्य असो वा दैव. ई-स्पोर्टमध्ये स्पर्धेत भाग घेण्यापुरती अथवा व्यवस्थेच्या खर्चापुरती प्रवेशफी घेता येते आणि कामगिरीवर बक्षीसही देता येते. परंतु पैज लावता येत नाही. कोणतीही लीग आपोआप ई-स्पोर्ट ठरत नाही. त्यास मान्यता आणि नोंदणी यांची अट आहे.

तेव्हा पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. फी कशासाठी घेतली? सर्वांची फी एकत्र करून ती विजेत्यास वाटतात काय? शर्यतीच्या निकालावर कोणी पैसे लावतो काय? आमच्या नातवाच्या लीगची फी सर्व्हरच्या भाड्यापुरती होती आणि बक्षीस म्हणून केवळ प्रशस्तिपत्र होते. म्हणजे आम्ही ज्याला द्यूत म्हटले ते द्यूत नव्हते. चार माणसांदेखत बोललो होतो, म्हणून चार माणसांदेखतच त्याची क्षमा मागितली.

घरातील पथ्ये

म्हणून सर्व काही मोकळे सोडावे असे मात्र नव्हे. हिवाळ्यात लंडनला रात्री आठ वाजता सुरू होणारी शर्यत आपल्याकडे मध्यरात्रीनंतर दीड वाजता येते. तेव्हा आपल्या वेळेची लीग निवडावी. चक्रे आणि पेडल काही हजारांपासून काही लाखांपर्यंत मिळतात. वर्षभर साध्यावर टिकेल त्यालाच पुढचे घ्यावे. वर्गणी आणि खरेदी यांचा खर्च मुलाने स्वतः वहीत लिहावा. परीक्षेच्या व पर्वाच्या दिवसांत खेळ बंद ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, वडीलधाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी शेजारी बसून शर्यत पाहावी. दाराबाहेरून ओरडल्याने दार अधिकच घट्ट लागते, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे.

हंगामाअखेर नातू सातवा आला. सुरक्षिततेच्या आकड्यात मात्र तो त्या मंडळींत दुसरा होता. आम्ही त्याला पेढा दिला तो या दुसऱ्या आकड्यासाठी.

जय जिनेंद्र.