कोनशिलेच्या आधीचा हिशेब

वऱ्हाडातली जुनी वाचनालयं कापसाच्या तेजीच्या काळातली आहेत. १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला. मग अकोला-अमरावतीच्या कापसाला पूर्वी कधी नव्हता असा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. आज बाबूजी देशमुख वाचनालय म्हणून ओळखली जाणारी अकोल्याची संस्था आणि अमरावतीचं नगर वाचनालय, दोन्ही १८६० च्या त्याच दशकातल्या. अशा वाचनालयांना गावाची वर्गणी, कुणीतरी दिलेली खोली आणि दोन-चार कपाटं एवढ्यावर उभं राहता येत होतं. दिव्याला तेल आणि शिपायाला पगार मिळाला की वर्ष निघायचं.

आज चित्र उलटं झालं आहे. इमारतीसाठी पैसा उभा करणं कठीण असलं तरी तो उभा राहतो, कारण इमारतीवर नाव लागतं. भूमिपूजन होतं, कोनशिला बसते, वर्तमानपत्रात फोटो येतो. नंतर दरवर्षी लागणारं वीजबिल, ग्रंथपालाचा पगार, नवी पुस्तकं, गळतीची डागडुजी यांच्यावर कुणाचं नाव कोरता येत नाही. त्यामुळे ग्रंथालयाची वास्तू आखताना पहिला कागद नकाशाचा नसावा, उद्घाटनानंतरच्या दहा वर्षांच्या जमाखर्चाचा असावा, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे तो कागद बहुधा कुणी करतच नाही.

अमेरिकन पोलाद उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीनं हे शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. १८८३ ते १९२९ या काळात त्याच्या पैशातून जगभर २,५०९ ग्रंथालयांच्या इमारती झाल्या. पैसा मागणाऱ्या गावाला जागा स्वतःची द्यावी लागे आणि इमारतीला जेवढी रक्कम मिळेल तिच्या दहा टक्के दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी करातून खर्च करू, असं लेखी कबूल करावं लागे. पुस्तकांसाठी तो सहसा पैसे देत नसे. काही गावांनी ही अट जड जाईल म्हणून देणगीच नाकारली. मला त्या गावांचाही आदर वाटतो; त्यांनी निदान हिशेब केला होता.

हाच हिशेब अमरावतीसारख्या शहरासाठी करून पाहू. समजा शंभर वाचकांना एका वेळी बसता येईल आणि चाळीस हजार पुस्तकं राहतील, असं ग्रंथालय हवं आहे. वाचकामागे साधारण २५ चौरस फूट जागा धरतात. म्हणजे २,५०० चौरस फूट झाले. ग्रंथसाठ्याच्या खोलीत चौरस मीटरला सुमारे दीडशे पुस्तकं धरली तर आणखी २,९०० लागतील. भिंती, जिना, स्वच्छतागृहं, देवघेवीचं टेबल, ग्रंथपालाची खोली यांसाठी चाळीस टक्के वाढवले की आकडा साडेसात हजार चौरस फुटांच्या आसपास जातो. बांधकामाचा दर चौरस फुटाला २,५०० रुपये धरला तर इमारत जवळजवळ १ कोटी ८७ लाखांची होते. जागेची किंमत यात नाही. आता कार्नेगीचे दहा टक्के काढा: वर्षाला पावणेएकोणीस लाख.

महाराष्ट्रात जिल्हा 'अ' वर्गाच्या ग्रंथालयाला मिळणारं परिरक्षण अनुदान ७ लाख २० हजार होतं. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ झाल्यावर ते ११ लाख ५२ हजार झालं. म्हणजे सर्वांत वरच्या वर्गाच्या ग्रंथालयालाही दरवर्षी सव्वासात लाखांची तूट राहते. खालच्या टोकाला 'ड' वर्ग आहे. तिथं त्या वाढीनंतर वर्षाला ४८ हजार मिळू लागले. त्यातले निम्मे पगारावर खर्च करायचे, म्हणजे ग्रंथपालाच्या हातात महिन्याला दोन हजार रुपये पडतात. खेड्यातल्या वाचनालयाचं कुलूप रोज उघडणारा माणूस या पैशात घर चालवू शकत नाही. तो शेती करतो, शिकवण्या घेतो आणि उरलेल्या वेळात ग्रंथपाल असतो. अशा ठिकाणी आमदार निधीतून दोन खोल्या बांधून दिल्या तरी त्या उघडणार कोण, हा प्रश्न तसाच राहतो.

नकाशाकडे वळताना वऱ्हाडात पायाखालची माती आधी विचारात घ्यावी लागते. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि वैशाखात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातला की तीन-चार वर्षांत चौकटीच्या कोपऱ्यापासून तिरप्या चिरा जायला लागतात. मुरूम किंवा पक्का थर लागेपर्यंत खाली जाणं, किंवा खालच्या टोकाला फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल घेणं, हे उपाय ठाऊक आहेत आणि खर्चिकही आहेत. अंदाजपत्रकात पायाची रक्कम नेहमीच्या दरानं घातली की प्रत्यक्ष खोदाईत ती वाढते आणि मग वरच्या मजल्यावरचा बालविभाग 'दुसऱ्या टप्प्यात' ढकलला जातो. म्हणून माती परीक्षणाचा अहवाल देणगीचं आवाहन छापण्याआधी हातात हवा.

त्यावर पुस्तकांचं वजन. घराच्या स्लॅबवर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. ग्रंथसाठ्याच्या खोलीसाठी भारतीय मानकात तो किमान ६०० किलो आहे, आणि मांडणी २.२ मीटरपेक्षा उंच असेल तर आणखी जास्त. का, ते एका रॅकवरून कळतं. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दोन्ही बाजूंनी भरलेल्या लोखंडी रॅकमध्ये चारेकशे पुस्तकं बसतात. अर्धा किलोच्या सरासरीनं पुस्तकं दोनशे किलो आणि लोखंड सत्तर-ऐंशी किलो. हे सगळं जेमतेम साडेचार चौरस फुटांवर उभं असतं. बांधीव वर्तमानपत्रांचे खंड असतील तर विचारायलाच नको. मंगल कार्यालयासाठी बांधलेला मजला नंतर ग्रंथालयाला दिला की हे रॅक भिंतीकडेला, तुळईच्या आधारानं उभे करावे लागतात आणि मधली जागा रिकामी राहते. पुस्तकांचा साठा तळमजल्यावर आणि वाचक वर, ही साधी मांडणी खर्च वाचवते. फक्त तळमजला रस्त्याच्या पाण्यापेक्षा चांगला उंच हवा आणि वाळवीच्या बंदोबस्ताचं काम पाया भरतानाच उरकायला हवं.

उन्हाचं तर सांगायलाच नको. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात पश्चिमेला काचेची दर्शनी भिंत काढणं म्हणजे कायमचं वीजबिल ओढवून घेणं. पश्चिमेला जिना आणि स्वच्छतागृहं, उत्तरेला वाचनकक्षाच्या खिडक्या आणि दक्षिणेला खोल व्हरांडा असा नकाशा दिसायला साधा वाटेल, पण वीस वर्षं पैसे वाचवेल.

आता पैसा येतो कुठून ते पाहू. कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्ये ग्रंथालयांसाठी कायदा केला, मद्रासनं १९४८ मध्ये. मद्रासच्या कायद्यानं मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. राज्यानं ग्रंथालय निधीत दरवर्षी किमान २५ लाख रुपये टाकावेत, अशी तरतूद आहे. परिणामी इथलं सार्वजनिक ग्रंथालय हे संस्थेचं राहिलं आणि सरकार अनुदान देणारं. वऱ्हाडाला तर आणखी उशीर झाला. मुंबई इलाख्यात फैजी समितीनं १९४० च्या सुमारास ग्रंथालयांचा टप्प्याटप्प्याचा आराखडा दिला, तेव्हा आपण मध्य प्रांत व वऱ्हाडात होतो. द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो ते १९५६ मध्ये.

इमारत अनुदानाची सोय १९७० च्या नियमांत आहे. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या असमान निधी योजनेत इमारत बांधकाम आणि विस्तारासाठी अर्ज करता येतो. पन्नास, शंभर, दीडशे अशी महोत्सवी वर्षं गाठणाऱ्या ग्रंथालयांना वेगळं साहाय्य मिळतं. दीडशे वर्षांच्या उंबरठ्यावरच्या संस्थांनी त्या वर्षाची तयारी पाच वर्षं आधी सुरू करायला हवी, कारण कागद जमवण्यातच वेळ जातो. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालय उभारणं हे सामाजिक दायित्वाचं काम म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे, पण तेवढ्या नफ्याच्या कंपन्या वऱ्हाडात मोजक्या. खासदार निधीतून इमारत मिळू शकते; मात्र देखभालीची हमी वापरणाऱ्या संस्थेनं द्यायची असते. या सगळ्यांच्या दारात एकच कागद अडतो, तो जागेचा. विदर्भातल्या शहरांत सरकारी जागा नझूलची, भाडेपट्ट्यावरची. पट्ट्याची मुदत संपलेली, नूतनीकरण रखडलेलं, पट्टा जुन्या अध्यक्षांच्या नावाचा. असं असेल तर कुठलाही निधी पुढे सरकत नाही. देणगी समितीआधी जागेच्या कागदांची समिती नेमावी.

एका गोष्टीवर माझं अनेक ग्रंथप्रेमींशी पटत नाही. ती म्हणजे अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं सकाळी सातला येतात, स्वतःची पुस्तकं उघडतात आणि रात्री उठतात. ती ग्रंथालयाची पुस्तकं वाचत नाहीत, अशी तक्रार असते. पण दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत चौघं राहणाऱ्या मुलाला शांत टेबल कुठं मिळणार? त्याला ते देणं हे ग्रंथालयाचंच काम आहे. नकाशात अभ्यासिकेला वेगळा दरवाजा, वेगळं स्वच्छतागृह आणि वेगळं वीजमीटर ठेवा, म्हणजे रात्री अकरापर्यंत ती चालेल आणि ग्रंथसाठा सातला बंद करता येईल. मुलींसाठी उजेड असलेला रस्ता आणि आतून दिसणारा जिना हा खर्चाचा नव्हे, विचाराचा भाग आहे. अभ्यासिकेची माफक फी ही नियमित मिळकत असते. देवघेवीच्या वर्गणीपेक्षा ती बहुधा जास्त भरते.

पैशाच्या वाटणीचं सगळ्यात शहाणं सूत्र मला बडोद्यात दिसतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना आणलं आणि गावोगाव ग्रंथालयं सुरू केली. गावानं एक तृतीयांश रक्कम जमवली की एक तृतीयांश प्रांत पंचायत देई आणि एक तृतीयांश दरबार. गावाला मागायला लावलं नाही, जमवायला लावलं. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात अमेरिकेच्या स्नेड कंपनीच्या लोखंडी मांडण्या आणि उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून काचेची जमीन आहे. राजानं तिथंही पैसा दर्शनी भागापेक्षा पुस्तकांच्या खोलीत घातला.

आपल्याकडे गाडगेबाबांचं उदाहरण आहे. शेंडगावच्या या माणसानं कीर्तनातून लोकांचा पैसा उभा केला आणि पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. वास्तू बांधणाऱ्याची नसते, ती चालवणाऱ्याच्या हाती द्यायची असते, हे त्यांच्या व्यवहारात होतं. वऱ्हाडातल्या दात्याला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

तर मघाचा हिशेब पुरा करू. सव्वासात लाखांची वार्षिक तूट व्याजातून भरायची, तर सात टक्क्यांनी १ कोटी ४ लाखांची कायम ठेव लागेल. इमारतीचे १ कोटी ८७ लाख मिळवले की प्रकल्प २ कोटी ९१ लाखांचा झाला. छापायचा आकडा हा, इमारतीचा नव्हे. बडोद्याच्या सूत्रानं ९७ लाख राज्याचे, ९७ लाख महापालिका आणि जिल्हा नियोजन समितीचे, ९७ लाख लोकांचे. २०११ च्या जनगणनेत अमरावती शहराची लोकसंख्या सुमारे साडेसहा लाख होती. माणशी पंधरा रुपये होतात. ठेवीची पावती बँकेतून हातात आली की भूमिपूजनाची तारीख काढावी, आणि ठेवीच्या मुद्दलाला कार्यकारिणीला हात लावता येणार नाही असा ठराव त्याआधीच्या सर्वसाधारण सभेत मंजूर करून घ्यावा.