आडनावात राहिलेले गाव

हुबळी शहरातील दाजीबानपेठ हे नाव लक्षपूर्वक वाचले, तर त्यात दोन भाषांचा शेजार दिसून येतो. ‘दाजीबा’ हे मराठी वळणाचे पुरुषनाम. त्याला षष्ठीचा कानडी ‘न’ लागला आणि दाजीबाची पेठ ती दाजीबानपेठ झाली. याच पेठेत तुळजाभवानीचे मंदिर आहे, आणि या देवीचे मूळ पीठ तर दूर मराठवाड्यात तुळजापूर येथे. माणसे एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जातात तेव्हा घरदार मागे राहते, परंतु नाव आणि दैवत बरोबर येते. मात्र नाव एका मर्यादेपर्यंतच बोलते. दाजीबा कोण, कोठला आणि कोणत्या काळातला, हे काही पेठेच्या नावावरून उमगत नाही. नाव प्रश्न उभा करते. उत्तरासाठी आणखी साक्षीदार शोधावे लागतात. घराण्याच्या आणि गावाच्या इतिहासाचे संशोधन म्हणतात ते हेच.

अशा संशोधनाची वाट महाराष्ट्राला नवी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. पुढे अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्त छापले. परंतु ज्या घरात दप्तर नव्हते, ज्यांना सनद मिळाली नव्हती, वतन मिळाले नव्हते, त्यांचे काय? समुद्रकाठच्या एखाद्या खेड्यात घाणा चालविणाऱ्या माणसाला इतिहास नव्हता काय? होता, मात्र तो वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो. याचे बोधप्रद उदाहरण घाटाखाली, अलिबागच्या आसपासच्या किनाऱ्यावर सापडते. ते म्हणजे बेने इस्रायल या लहानशा मराठीभाषी यहुदी समाजाचे.

या समाजाची परंपरागत कथा अशी आहे की, फार पूर्वी यहुद्यांचे एक गलबत चौलच्या खाडीजवळ फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे वाचून किनाऱ्यास लागली. जी बुडाली त्यांना नवगाव येथे मूठमाती देण्यात आली. वाचलेल्यांचे वंशज कोकणातील खेड्यांतून पसरले, तेल गाळण्याचा धंदा करू लागले आणि मराठी बोलू लागले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. आपले धर्मग्रंथ त्यांच्याजवळ राहिले नव्हते. तथापि शनिवारची विश्रांती, सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले.

आता या घराण्यांचा मागोवा घ्यावयाचा तर पहिला साक्षीदार आडनाव. नवगावकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, चेऊलकर अशी यांची आडनावे असून, गावांवरून पडलेल्या अशा आडनावांची संख्या शंभराहून अधिक भरते. ती सारी नकाशावर मांडली तर अलिबाग, पेण, रोहे या टापूतील वस्तीचे चित्रच समोर उभे राहते. येथे एक सावधगिरी मात्र हवी. आडनाव बहुधा गाव सोडल्यानंतर रूढ होते. पेणेत राहणाऱ्याला पेणेतले लोक पेणकर कशाला म्हणतील? तेव्हा आडनावातील गाव हे घराण्याचे मूळ गाव असेलच असे नाही. ते एका मुक्कामाचे गाव असते. शिवाय एकाच गावावरून नाव घेणारी सारी कुळे एकमेकांच्या रक्तातली असतात असेही नव्हे. दिवेकर हे आडनाव हिंदूंतही आहे.

दुसरा साक्षीदार व्यक्तीचे नाव. याची एक गंमत अशी की, एकच माणूस दोन नावांनी वावरत असे. धर्मकार्यात जो सॅम्युअल, तो गावात सामाजी. एझिकेल तो हसाजी, आयझॅक तो इसाजी. मुंबईतील या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली सॅम्युअल एझिकेल दिवेकर यांनी बांधले. जुन्या मराठी लेखनात तेच सामाजी हसाजी दिवेकर आहेत. हे ठाऊक नसेल तर शोध घेणारा एका माणसाची दोन माणसे करून बसेल. बोलण्यात हे लोक आपल्या प्रार्थनामंदिरास ‘मशीद’ म्हणत. तेव्हा त्यांच्या घरच्या जुन्या पत्रात मशिदीचा उल्लेख आला म्हणजे ती मुसलमानांचीच असेल असे समजू नये. जिल्ह्याचे नावही बदलले आहे. आज जो रायगड जिल्हा, तो १९८१ पूर्वी कुलाबा जिल्हा होता. म्हणून जुने गॅझेटियर पाहावयाचे तर ते कुलाब्याच्या नावाखाली शोधावे लागते.

तिसरा साक्षीदार दगड, म्हणजे कबरीवरील लेख. तेथे पुष्कळदा हिब्रू आणि मराठी या दोन्ही भाषा शेजारी शेजारी नांदतात. हिब्रू सालातून ३७६० वजा केले की इसवी सन मिळतो. ५६५० म्हणजे सुमारे १८९०. हिब्रू वर्ष शरद ऋतूत पालटते, म्हणून वर्षारंभीच्या महिन्यांत हा आकडा ३७६१ धरावा लागतो.

चौथा साक्षीदार कागद. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत या किनाऱ्याच्या मोठ्या भागावर आंग्रे यांचा अंमल होता आणि कारभाराचे लेखन मोडीत होत असे. गावच्या हिशेबात जमीनबाबीखेरीज कसबी लोकांवरील ‘मोहतर्फा’ नावाची बाब असे. ज्याच्या नावावर शेत नव्हते, अशा धंदेवाल्याचा उल्लेख मिळाला तर तो बहुधा तेथे मिळतो. कागदावरील साल वाचण्याचेही एक तंत्र आहे. शकात ७८ मिळवावे, फसलीत ५९० वा ५९१, आणि सुहूर सनात ५९९ वा ६००. पुढे इंग्रजी अमदानीत शाळांची रजिस्टरे, जन्ममृत्यूच्या नोंदी, पलटणींची आणि निवृत्तिवेतनाची कागदपत्रे यांची भर पडली. कारण हे लोक मुंबईच्या लष्करात मोठ्या संख्येने शिरले होते.

आणि पाचवा साक्षीदार घरातील वृद्धांची आठवण. हिला तुच्छ लेखणे चूक, तसेच तिच्यावर डोळे मिटून विश्वास टाकणेही चूक. डेव्हिड रहाबी नावाच्या पुरुषाने या समाजाला धर्माचार पुन्हा शिकविला, ही आठवण सर्वत्र आढळते. पण तो केव्हा आला? कोणी हजार वर्षांपूर्वीचा काळ सांगतात, तर कोणाच्या मते तो अठराव्या शतकातील कोचीनच्या रहाबी घराण्यातला. एकाच नावाच्या दोन पुरुषांच्या कथा स्मृतीने एकत्र केल्या असणेही शक्य आहे. सात जोडप्यांचा आकडाही इतिहासापेक्षा कथेच्या घाटाचा वाटतो. उलट कथेतील गाभा निखालस कल्पित आहे असेही म्हणवत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकतेच्या एका अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील यहुदी आणि भारतीय अशा दोन्ही वंशधारा आढळल्या. त्या पाहणीने मूळ संबंधाची साक्ष दिली. परंतु गलबतावर कोण होते हे ती सांगू शकत नाही. ज्या साक्षीदाराला जे ठाऊक असते, तेवढेच त्याला विचारावे.

हा सारा खटाटोप फावल्या वेळची हौस आहे, असे कोणास वाटेल. या समाजाच्या वाट्यास आलेला अनुभव निराळा आहे. १९४८ नंतर यातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने विवाह लावणाऱ्या धर्मगुरूंना आदेश दिला की, बेने इस्रायल व्यक्तीचा अन्य यहुदी व्यक्तीशी विवाह होत असेल, तर तिची आई, आईची आई अशी मागे जाऊन शक्य तितक्या पिढ्यांची चौकशी करावी. ज्यांनी शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांच्या मुलामुलींच्या लग्नाच्या वेळी त्यांच्या कुळाबद्दल शंका घेतली जाऊ लागली. लोकांनी जेरुसलेममध्ये निदर्शने केली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने, हा समाज सर्वार्थाने यहुदी आहे, असे जाहीर केले, आणि त्या आदेशातून समाजाचे नाव काढून टाकण्यात आले.

या प्रकरणात एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. धर्मपीठाने विचारली ती आईची बाजू. आणि महाराष्ट्रातील वंशावळींच्या रिवाजात नेमकी तीच बाजू कोरी असते. बापामागे मुलगा, मुलामागे नातू असा वृक्ष वाढत जातो. मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी तेथेच छाटली जाते. सून आली की तिचे माहेरचे नाव बदलते, आडनाव तर बदलतेच. दोन पिढ्यांत पणजीचे माहेर घरातही कोणास सांगता येत नाही. हे व्यंग केवळ एका समाजाचे नसून घरोघरचे आहे. वास्तविक पुरुषाच्या आडनावात जसे एक गाव राहते, तसे पणजीच्या माहेरात दुसरे गाव राहिलेले असते. ते विसरले की घराण्याचा अर्धा इतिहास गेला.

लिहून ठेवल्याने काय होते, याचे उदाहरणही याच समाजात आहे. हाईम सॅम्युअल किहीमकर या शिक्षणप्रेमी गृहस्थांनी १८७५ साली मुंबईत आपल्या समाजासाठी शाळा काढली. कोकणातील वस्त्या, आडनावे, रूढी आणि वृद्धांच्या कथा गोळा करून १८९७ साली त्यांनी समाजाचा विस्तृत इतिहास लिहिला. तो त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीव येथे तो प्रसिद्ध झाला. त्यातील काही अनुमाने पुढील अभ्यासकांना मान्य झाली नाहीत. परंतु त्या वेळच्या वृद्धांकडून त्यांनी जे टिपून घेतले, ते पुन्हा मिळविण्याचा दुसरा मार्ग आता उरलेला नाही. अनुमान चुकले तर दुरुस्त करता येते. न टिपलेली आठवण दुरुस्त करता येत नाही.

म्हणून ज्याला आपल्या घराण्याचा शोध घ्यावयाचा असेल, मग तो अलिबागचा असो वा दाजीबानपेठेतला, त्याने आरंभ पुराभिलेखागारात न करता घरात करावा. आई, आजी, पणजी यांची माहेरची नावे, माहेरची गावे आणि तेथील कुलदैवत प्रथम लिहावे. कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी सांगितले, हे प्रत्येक नोंदीखाली नमूद करावे. जुन्या कागदांची छायाचित्रे घ्यावीत, पण मूळ कागद टाकू नयेत. मोडी वाचणारा मिळताच ते त्याला दाखवावेत, कारण ही लिपी सहज वाचणारी माणसे आता थोडीच राहिली आहेत. तीर्थक्षेत्री उपाध्यायांच्या वह्यांत नामावळी मिळाली तर ती घरच्या आठवणींशी ताडून पाहावी. दोन साक्षी जुळल्या तर ठीकच. न जुळल्या तर दोन्ही लिहून ठेवाव्यात, निकाल पुढची पिढी देईल. एक साधी वही आणि काही संध्याकाळी एवढेच भांडवल या कामास पुरते. फक्त सांगणारी माणसे हयात असताना ते हाती घेतले पाहिजे.