मिरगापर्यंतचं पाणी

फाल्गुन सरत आला की सह्याद्रीच्या रानवाटांवर माणसं दिसू लागतात. पावसाळ्यातली निसरड नसते आणि वैशाखातलं ऊन अजून लांब असतं. शनिवारी निघून रविवारी रात्री घरी परतता येतं. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही बाराजण असेच भीमाशंकरला निघालो. पन्नाशी ओलांडलेला त्यात मी एकटाच. कर्जत तालुक्यातल्या खांडसहून वर चढायला दोन वाटा आहेत. शिडी घाटाची वाट जवळची, पण तिथे कड्याला लोखंडी शिड्या लावल्या आहेत. गणेश घाटाची वाट लांबची आणि सोपी. पोरांनी माझ्या गुडघ्यांचा मान राखला आणि लांबची वाट धरली.

अशा भटकंतीचे दोन-चार नियम आधी सांगतो. पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नसावं. जड वस्तू पाठीलगत ठेवाव्यात, म्हणजे तोल जात नाही. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावं आणि वाट जाणणारा एकजण शेवटी असावा. चढावर माणशी तीन लिटर पाणी हवंच, कारण या दिवसांत कोकणाच्या बाजूचे ओढे कोरडे असतात. मी आणखी एक नियम पाळला. रोजचं अत्तर घरी ठेवलं. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. उग्र वास आणि धूर या माशांना खपत नाही.

वर पोचलो आणि रान बदललं. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली शेकरूसाठी, म्हणजे आपल्या राज्यप्राण्यासाठी जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. चैत्राच्या तोंडावर इथे कुसुंबाला तांबडी पालवी फुटते, अंजनीच्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके लागतात आणि करवंदीच्या पांढऱ्या फुलांचा वास वाटभर सोबत येतो. रात्र एका वाडीतल्या ओसरीवर काढली. रविवारी सकाळी भीमेच्या उगमाकडच्या एका घळीत उतरलो.

पठारावरचं गवत वाळून कोळ झालेलं, आणि घळीत मात्र हिरवागार अंधार. असं का होतं?

सह्याद्रीचा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत थिजलेल्या लाव्हाचे थर. काही थर सच्छिद्र आणि भेगाळलेले, काही अगदी घट्ट. इथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यातलं बरंचसं पाणी वाहून जातं. थोडं मात्र झाडांच्या मुळांशी, पालापाचोळ्यात अडतं आणि भेगांतून खाली मुरतं. मुरता मुरता घट्ट थर लागला की ते आडवं सरकतं आणि घळीच्या भिंतीतून पाझरतं. घळीत ऊन कमी, वारा कमी, गाळाची माती जास्त. म्हणून तिथलं रान हिरवं राहतं, आणि रान राहतं म्हणून पाझर टिकतो.

मार्चमध्ये मात्र ओढ्याची धार तुटते. मागे उरतात ते डोह आणि रांजणखळगे. पावसाळ्यात पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडांनी कोरलेले हे रांजण. वरून पाहिलं तर प्रत्येक डोह वेगळा दिसतो. पण वाळूच्या आणि गोट्यांच्या खालून पाणी सावकाश एका डोहातून दुसऱ्यात जात असतं. म्हणजे एका डोहात पडलेला साबण तिथेच राहील याची खात्री नाही.

हे मला त्या दिवशी कळलं. आमच्यातल्या एका पोरानं न्याहारीची ताटं साबण लावून डोहात बुडवली. तेवढ्यात एक म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन उतरली. ती डोहाकडे वळलीच नाही. खालच्या अंगाला वाळूत हातभर खोल झिरा उकरलेला होता. डोहाचं पाणी वाळूतून गाळून त्यात उतरत होतं. करवंटीनं ती ते हंड्यात भरू लागली. मग मान वर करून म्हणाली, "धू बाबा, पण पानी वर काढून लांब धू. मिरगापतुर हेच हाय आमाला."

आवाजात राग नव्हता. पोरगा ताट हातात धरून तसाच उभा राहिला. मी मनातल्या मनात हिशेब केला. मृग नक्षत्र जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतं. म्हणजे अडीच महिने. माणसं, गुरं, रानातली जनावरं, सगळ्यांना मिळून तो डोह पुरवायचा होता. आम्ही त्यात एका सकाळी बारा ताटं धुणार होतो.

मला अब्बा आठवले. वजूला बसताना ते एकच तांब्या घेत. लहानपणी मी हौदातून ओंजळीमागून ओंजळ उपसू लागलो की हात धरत आणि म्हणत, वाहत्या नदीकाठी बसलास तरी पाणी उधळायचं नाही. तेव्हा मला तो कंजूषपणा वाटे.

म्हणून वसंतात रानात जाणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. डोहात साबण, शाम्पू नको. भांडी माती किंवा राखेनं, पाण्यापासून शंभर-दोनशे पावलं दूर घासावीत. शौचालाही तितकंच लांब जावं. पाचोळा वाळलेला असतो, तेव्हा चूल रानात पेटवू नये, वाडीत जेवण सांगावं. डोहाशी मुक्काम ठोकू नये, कारण माणूस तिथे बसला की रात्री पाण्यावर येणारं जनावर परत फिरतं. आणि रात्र काढण्याआधी वनखात्याकडे विचारावं.

तिथून भीमा निघते. पुढे उजनीच्या धरणात साठते, पंढरपुरात चंद्रभागा होते आणि शेवटी कृष्णेला मिळते. त्या सकाळी मात्र ती करवंटीनं भरली जात होती.

हंडा भरायला बराच वेळ लागला. आमच्या त्या पोरानं तो उचलून वाडीपर्यंत नेला. चढावर दोनदा थांबला. म्हातारी मागून येत होती, ती एकदाही थांबली नाही.