‘पोट’ संस्कृतातून आलेलं नाही!

हात आला हस्तापासून, कान कर्णापासून. पोटाला संस्कृतात मात्र उदर म्हणतात, आणि त्याचं ‘पोट’ कसंही होत नाही. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र या जैन पंडितानं, संस्कृतातून ज्यांची व्युत्पत्ती लावता येत नाही अशा प्राकृत शब्दांचा ‘देशीनाममाला’ हा कोश रचला. त्यात उदर या अर्थी ‘पोट्ट’ आहे. आपलं पोट तिथलं, अस्सल देशी!

मराठीनं या शब्दाला केवढं काम दिलंय बघा. पोट म्हणजे आतली जागा, म्हणून माळ्याखालच्या माळ्याला पोटमाळा. एकातून निघालेलं दुसरं तेही पोटच: पोटकलम, पोटनियम, पोटजात, पोटभाडेकरू, पोटनिवडणूक. जगण्यापुरता खर्च ती पोटगी.

मला सगळ्यात आवडतात ते शेतीतले शब्द. सातबारा उघडा. लागवडीयोग्य क्षेत्राबरोबर ‘पोटखराब’ दिसेल. म्हणजे त्याच गटातली खडकाची, नाल्याची, पीक न येणारी जमीन. भावाभावांत वाटणी झाली की पोटहिस्सा पडतो. आणि ज्वारी पोटरीत आली म्हणजे कणीस अजून बाहेर पडलेलं नाही, वरच्या पानाच्या आवरणात ते फुगलंय. बोटांनी हलकेच दाबलं तर आतला फुगीर भाग हाताला लागतो.

शिवाय चूक पोटात घालायची, माया पोटातून यायची आणि बोलायचं तेही पोटतिडकीनं. हृदय हा शब्द आपल्याकडे असूनही!

तुमच्या भागात ‘पोट’ लागून आणखी कोणते शब्द आहेत? जरूर लिहा.