काठीची सावली आणि विशालकोन

बालमित्रांनो, कोनांची नावं तुम्हाला धडाधड पाठ येत असतील. ९० अंशांपेक्षा लहान तो लघुकोन, बरोबर ९० अंशांचा काटकोन, ९० हून मोठा पण १८० हून लहान तो विशालकोन, १८० अंशांचा सरळ कोन आणि त्याच्याही पुढे, ३६० च्या आत, प्रविशाल कोन. पण फळ्यावर कोन जरा तिरका काढला, की वर्गात गडबड उडते!

ही गडबड दोन ठिकाणी होते. पहिली म्हणजे भुजांची लांबी. लांब भुजांचा कोन मोठा, असं पुष्कळांना वाटतं. पण कोन म्हणजे दोन भुजा एकमेकींपासून किती फाकल्या आहेत त्याचं माप. चार वाजता घड्याळाच्या काट्यांमध्ये १२० अंशांचा विशालकोन होतो. मग घड्याळ बाबांच्या मनगटावरचं असो, की स्टेशनवरचं भलंमोठं असो!

दुसरी गडबड कोनमापकाची. त्यावर आकड्यांच्या दोन ओळी असतात, म्हणून १२० च्या जागी ६० लिहिलं जातं. त्यावर सोपा उपाय आहे. वहीचा कोपरा शिरोबिंदूवर ठेवा आणि वहीची एक कड एका भुजेवर जुळवा. दुसरी भुजा वहीखाली झाकली गेली तर लघुकोन, बरोबर कडेवर आली तर काटकोन, बाहेर दिसत राहिली तर विशालकोन. भिंतीचा कोपरा तपासताना गवंडीकाका गुण्या लावतात, तसंच हे. आधी नाव ठरवायचं, मग माप घ्यायचं. विशालकोन ठरला, की ६० लिहायचा प्रश्नच उरत नाही.

आता आपल्या खानदेशातली एक गंमत. चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केला, असं त्यात कोरलेलं आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त सावलीच्या गणितांचं वेगळं प्रकरण आहे. त्यासाठी १२ अंगुळं उंचीचा शंकू, म्हणजे उभी काठी घेत. आपणही तेच करू या.

अंगणात एक मीटरची काठी ओळंबा धरून सरळ उभी करा. आपल्याकडे सूर्य दुपारी साधारण १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास सर्वांत वर येतो, कारण घड्याळातली वेळ आपल्या पूर्वेकडच्या रेखांशावर ठरलेली आहे. जळगाव आणि धुळे दोन्ही २१ अक्षांशाच्या जवळ आहेत. त्यामुळे दक्षिणेकडच्या क्षितिजापासून सूर्यापर्यंतचा कोन असा बदलतो:

२२ डिसेंबर : सुमारे साडेपंचेचाळीस अंश. लघुकोन. सावली जवळजवळ काठीएवढीच!

२१ मार्च : सुमारे ६९ अंश. हाही लघुकोन. सावली ३८ सेंटिमीटरच्या आसपास.

२५ मेच्या आसपास : ९० अंश. काटकोन! सावली काठीच्या बुडाशी गडप.

२१ जून : सुमारे साडेब्याण्णव अंश. विशालकोन! सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि चारेक सेंटिमीटरची सावली चक्क दक्षिणेला पडते.

पुढे जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा काटकोन येतो. पण तेव्हा ढगांनी सूर्य दाखवला तर! दिल्लीच्या मुलांना मात्र भरदुपारचा हा विशालकोन वर्षभरात कधीच मिळत नाही. सूर्य उत्तरेकडे जास्तीत जास्त साडेतेवीस अक्षांशापर्यंत जातो आणि दिल्ली त्याहून उत्तरेला आहे.

सूर्याकडे थेट बघायचं नाही, बरं का! फक्त सावली मोजायची. आईबाबांनीही महिन्यातून एकदा पाच मिनिटं सोबत उभं राहावं. दर महिन्याच्या २१ तारखेला सावलीची लांबी, दिशा आणि कोनाचं नाव वहीत लिहा. वर्षभरात किती लघुकोन आणि किती विशालकोन मिळाले, ते मोजा आणि तुमच्या बाईंना किंवा गुरुजींना नक्की दाखवा!